मालनची खांड

"हलू नको, बाय. तू हललीस तं गेलं सगलं."

धाकूचा हा आवाज मालनला अजून ऐकू यायचा. रोज नाही. पाणी जोरानं येताना दिसलं की यायचा. बाप जाऊन अठरा वर्षं झाली, पण आवाजाला काही झालं नव्हतं. तो तसाच होता, धापा टाकणारा, चिखलानं माखलेला.

तेव्हा ती बारा वर्षांची होती. उधाणाच्या भरतीनं कोलशेतच्या खाडीचा बांध फुटला होता. खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरू बघत होतं. चिखलाचे गोळे आणायला धाकू पलीकडे धावला आणि धावता धावता त्यानं पोरीला उचलून त्या फुटलेल्या जागी बसवलं. पाठ खाडीकडे, तोंड भाताकडे. दहा वर्षांचा उत्तम बांधावर उभा राहून रडत होता. खाडी पाठीवर ढकलत होती, एखादं दांडगं जनावर ढकलतं तशी. मांडीला खेकडा चावला. ती हलली नाही.

भात वाचलं. बांध फुटल्या जागेला तिकडे खांड म्हणतात. त्या दिवसापासून ती जागा आणि तिला लागून असलेली जमिनीची पट्टी, सगळ्यालाच गाव मालनची खांड म्हणायला लागलं.

आता मालन पन्नाशीला आली होती आणि ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या गल्लीत टँकरचा पाइप धरून उभी होती. मे महिना होता. तीन दिवसांनी टँकर आला होता आणि गल्लीत पिंप, कळश्या, तेलाचे रिकामे डबे यांची रांग लागली होती. पाइप मालनच्याच हातात द्यायचा, असा तिथला शिरस्ता. ती कुणाचं भांडं अर्धं सोडायची नाही आणि कुणाचं उतू जाऊ द्यायची नाही. स्वतःची भांडी शेवटी भरायची.

तिची लेक ऐश्वर्या रांगेतून मोबाइल पुढे करत फिरत होती. "कॉलेजात वादविवाद आहे हो. श्रीमंत कोणाला म्हणायचं, असा विषय आहे. मावशी, सांगा ना काहीतरी."

"ज्याच्या मोरीत नळाला पाणी येतं, तो," शेजारची देवयानी म्हणाली.

"नुसतं येऊन काय करायचंय? मोटार लावली की बिल बघ कसं येतं ते."

"ए, माझं लिही. श्रीमंत म्हणजे, टँकर कधी येणार ते ज्याला माहीतच नसतं."

"म्हणजे आपणच की गं! आपल्याला तरी कधी माहीत असतं?"

रांग हसली. डोक्यावर पदर ओढून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याही हसल्या. मालन हसली आणि तेवढ्यात पाइपनं एक उचकी दिली. पाण्याची धार बोटाएवढी झाली, मग करंगळीएवढी, मग बंद. तिची शेवटची दोन पिंपं कोरडी राहिली होती.

"अरे देवा! मालनताई, तुमचंच राहिलं," देवयानी म्हणाली. आपली कळशी तिनं थोडी स्वतःकडे ओढून घेतली. "पण तुमचं काही नाही हो. तुम्ही मनाच्या श्रीमंत."

ऐश्वर्यानं ते टिपून घेतलं. मालननं रिकामी पिंपं उचलली. रिकामी पिंपं उचलायला सोपी असतात, तरी जिन्यावर तिला दोनदा थांबावं लागलं.

*

त्याच सकाळी उत्तम आला. त्याची पांढरी गाडी गल्लीत शिरत नव्हती, म्हणून ती नाक्यावर सोडून तो घामाघूम होत चालत आला. गळ्यात सोन्याची जाड साखळी, हातात साडीचा खोका आणि लग्नाची पत्रिका. पत्रिका एवढी जड होती की मालनच्या नवऱ्यानं, विठ्ठलनं, ती दोन्ही हातांनी घेतली.

मालननं तांब्याभांडं पुढे केलं. उत्तमनं भांडं हातात घेतलं, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं. खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं स्वतःची बाटली काढली. "डॉक्टरनं सांगितलंय, बाहेरचं पानी नको."

"बाहेरचं कुठे, मामा? घरातलंच आहे," ऐश्वर्या म्हणाली. विठ्ठलनं तिच्याकडे बघितलं.

"ताये, आता नीट ऐक," उत्तम मांडी घालून बसला. "ऋतुराजला बहीन नाय. नवरी घेऊन आलो का दार अडवायचा मान आत्याचा. म्हंजे तुझा. चार दिवस आधी यायचं. हलद तुझ्याच हातची पायजे, गिरनीची चालायची नाय."

मालनचा चेहरा उजळला. भावानं गाडी सोडून चालत येऊन मान दिला होता.

"आनि एक सही राह्यलीय," उत्तम म्हणाला.

बाप गेल्यावर मालननं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. भावाला द्यायचं असतं, सगळ्याच बहिणी देतात. पण तेव्हा लिहिणाऱ्यापुढे बसून घरच्यांनी शेतं सांगितली ती नावांनी. मोठं, उंबराचं, देवाचं, खालचं. नंबर कुणाला पाठ? लिहिणारा लिहीत गेला. खांड कुणी सांगितलीच नाही. खांडीला शेत कोण म्हणणार? तिच्यात भात लागत नव्हतं, तिवरं वाढत होती. आता खाडीच्या कडेनं रस्ता येणार, असं सगळे म्हणत होते. जागेला गिऱ्हाईक आलं, कागद काढले, तर त्या पट्टीचा नंबर वेगळाच निघाला. आणि सातबाऱ्यावर उत्तमच्या नावाला लागून तिचं नाव तसंच होतं.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जाऊ. पाच मिन्टांचं काम. गाडी पाठवतो." उत्तम उठला. खोलीभर बघितल्यासारखं करून म्हणाला, "तुझं बरं हाय, ताये. कसली हाव नाय. मनाची श्रीमंत तू. आमी बघ, नुसती धावपल."

तो गेल्यावर पाण्याचं भांडं तसंच राहिलं होतं. मालननं ते परत माठात ओतलं नाही. तुळशीला घातलं.

"करून टाक सही," विठ्ठल म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा; दिवसभर मुलांचा कालवा ऐकून घरी मोजकंच बोलायचा. "तुझं माहेर म्हणजे तो एकटा. सणाला बोलावतो, मान देतो. हे तुटलं तर काय राहिलं?"

ऐश्वर्या कोपऱ्यात बसली होती. "आई, पहिली सही केलीस ना, तेव्हा तुला कोणी विचारलं होतं? की मालन, तुला हवंय का नकोय?"

मालन भांडी पुसत होती. तिनं एक ताट दोनदा पुसलं.

"तुझा वाद कॉलेजात घाल," ती म्हणाली.

*

कोलशेतला ती कामाला जायची. माजिवड्याला शेअर रिक्षा बदलली की पुढचा रस्ता तिच्या पायाला पाठ होता, जरी तो रस्ता तिच्या लहानपणी नव्हता. बाविसाव्या मजल्यावर उत्तरावहिनींकडे सकाळचा स्वयंपाक. ही इमारत उंबराच्या शेतावर उभी होती. उंबर नेमका कुठे होता ते मालनला सांगता आलं असतं. आता तिथे मुलांची घसरगुंडी होती. सहा वर्षांत तिनं हे वहिनींना सांगितलं नव्हतं. काय म्हणून सांगायचं? वाट्याला आलेलं काम करावं, पोळ्या मऊ कराव्यात.

पण त्या दिवशी पोळी लाटता लाटता तिच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुम्ही श्रीमंत ना?"

उत्तरावहिनी ओट्याशी कॉफी पीत उभ्या होत्या. त्या आधी हसल्या, मग लाजल्यासारख्या झाल्या. "आम्ही? अगं, आम्ही नोकरदार माणसं. एक तारखेला पगार येतो आणि पाच तारखेला घराच्या हप्त्यात जातो. सलिलची नोकरी गेली ना, तर तीन महिन्यांत आम्ही रस्त्यावर."

मालन थांबली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. तीन फ्रिज मावावेत एवढा मोठा एक फ्रिज, बसायला पाच जागा, माणसं नवरा-बायको दोनच, आणि रस्त्याची भीती हिलाही.

"मग श्रीमंत कोण?"

"वरचे. ते अख्खा मजला घेतलेले."

"त्यांच्याकडे मी महिनाभर होते बदलीला," मालन म्हणाली. "ते फोनवर सांगत होते, खरे पैसेवाले दुबईला असतात."

उत्तरावहिनी मनापासून हसल्या. "तुला का गं हे आज?"

"पोरीला कॉलेजात विषय आहे."

"मग तिला सांग, खरी श्रीमंती मनाची. तुझंच उदाहरण दे म्हणावं." असं म्हणून त्यांनी कालचा उरलेला केक डब्यात भरला, कापलेल्या बाजूनं झाकण दाबलं आणि डबा तिच्या पिशवीपाशी ठेवला. "डबा आठवणीनं परत आण हं. सेटचा आहे."

निघताना वहिनींनी तिला पलीकडच्या खोलीतले पडदे काढायला सांगितले. त्या खोलीच्या खिडकीत ती कधी उभी राहिली नव्हती. पडदा सरला आणि खाली खाडी दिसली. ओहोटी होती. करड्या चिखलाच्या कडेला एक हिरवा दोरा पसरला होता, कुणीतरी शिवता शिवता सोडून दिल्यासारखा.

"ते काय बघतेस? पडीक जागा आहे ती," उत्तरावहिनी म्हणाल्या. "तिथून रस्ता झाला ना, तर माझा अर्धा तास वाचेल."

"खांड आहे ती."

"कसली?"

"जुनी," मालन म्हणाली आणि पडदे घडी करून ठेवले.

खाली उतरल्यावर ती रिक्षाकडे वळली नाही. पत्र्याच्या कुंपणाला एका ठिकाणी माणूस जाईल एवढी फट होती. आतली वाट पावलांनी विचारत विचारत ती बांधावर आली. चप्पल काढून तिनं पाय चिखलात घातला. वरून गरम, आत गार. बांध ठिकठिकाणी खचला होता, पण जिथे ती बसली होती तिथली माती वेगळी दिसत होती. बापानं गोळ्यावर गोळा दाबून बसवलेली, घट्ट. छत्तीस पावसाळे गेले होते. भात गेलं, उंबर गेला, बाप गेला. तेवढी जागा फुटली नव्हती.

एक खेकडा बिळातून बाहेर आला, तिच्याकडे बघून परत आत गेला. ती स्वतःशीच हसली. 'हे माझं आहे,' हा विचार तिच्या मनात आला, आणि तिला तो इतका अनोळखी वाटला की तिनं मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

*

लग्नाआधी चार दिवस ती माहेरी गेली. बंगल्याच्या मागच्या पडवीत जातं मांडलं होतं. खुंटा फिरवता फिरवता तिचे दंड भरून आले, भुवयांवर हळद बसली. समोर नयनबाय पाय पसरून बसली होती. नयनबाय म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी लावते ती धवलारीणच, गाण्यातून. पंचाहत्तरीची असेल, दात दोनच, पण आवाज अजून नव्या कळशीसारखा.

दुपारी उत्तम तिथेच जेवायला बसला. दिवाणखान्यात थंड हवेची यंत्रं होती, जेवायला काचेचं मेज होतं. पण सुकटीचं कालवण असलं की तो मागच्या पडवीत, जमिनीवर.

"उत्तम," जातं न थांबवता मालननं विचारलं, "तू श्रीमंत हाय का रं?"

त्याचा घास हातातच राहिला. मग तो हसला. "मी? ताये, बिल्डरच्या हापिसात मना अजून बाहेर बसवतात. जमीन माझी घेतली आनि बाकड्यावर मीच. दोन-दोन तास. च्या देतात. आत घेत नाय."

मालनला वाईट वाटलं. तिच्या डोळ्यांपुढे बांधावर रडणारा पोरगा आला. "मंग आत कोन बसतंय?"

"मोठी मान्सं."

"ती सोताला श्रीमंत म्हनतात?"

"कोन म्हनल?" उत्तमनं भात कालवला. "त्यांच्याबी वर कोनतरी असंल."

"सगलीच वर बोट दाखवतात," मालन म्हणाली. "मी किती जनांना विचारलं. अख्ख्या ठान्यात श्रीमंत एकलीच निघाली. मी."

"तू हायसच! मनाची," उत्तम म्हणाला. तो थट्टा करत नव्हता, हेच तिला जास्त लागलं. तो हात धुवायला उठला.

नयनबाय इतका वेळ डोळे मिटून बसली होती. आता म्हणाली, "उत्तमच्या लग्नात दार तूच अडवलंवतंस, मालन."

"हां."

"धाकू म्हनला, माग काय मागायचं ते. तू काय मागितलंस?"

"हिरवी साडी." मालन हसली. "सगली हसली मना. येवढा मान आनि मागितलं काय, तर साडी."

"सगली हसली. धाकू हसला का?"

जातं सावकाश झालं.

"तो म्हनला, 'इतकंच, बाय?'" नयनबाय म्हणाली. "एकदा नाय, दोनदा म्हनला. मी गानं थांबवून ऱ्हायलेवते. तू आपली हसत होतीस."

"मना वाटलं, मस्करी करतंय."

"दारात उभ्या बाईशी धाकू मस्करी करनारा नव्हता," नयनबाय म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

जात्याभोवती हळदीचं पिवळं वर्तुळ साचलं होतं. मालन त्याच्याकडे बघत राहिली. 'इतकंच, बाय?' पंचवीस वर्षं तो प्रश्न तिच्याजवळ होता आणि तो प्रश्न आहे, हे तिला आज कळत होतं.

*

लग्नाची वरात दिवेलागणीला परतली. बँड फाटकाशी थांबला. ऋतुराजच्या शेरवानीला लागून नवरी उभी होती, मुंडावळ्यांच्या मागे दमलेली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मालननं दोन्ही हात पसरून दाराच्या चौकटीला लावले.

मागून बंगल्यातली गार हवा तिच्या पाठीवर ढकलू लागली. पुढे सगळी माणसं, तोंडं घामानं चकाकणारी. विठ्ठल कडेला उभा होता, टोपी हातात घेऊन. ऐश्वर्या फोन वर धरून.

नयनबायनं सूर लावला,

"दारी उभी आत्याबाय, काय मागं गो मागती,
सोनं नको रुपं नको, माया मागं गो मागती."

आणि ती थांबली. दारातल्या बाईनं बोलायचं असतं, तेव्हा धवलारीण थांबते.

ऋतुराजनं खिशातून मखमली डबी काढली. अंगठी होती. "आत्या, हे घे आणि सोड ना प्लीज. पाय गेलेत."

हशा झाला. मालननं डबीचं झाकण हळूच मिटवलं आणि डबी त्याच्या हातात परत ठेवली. "तुझ्या बायकोला घाल, बाला."

"बघा! म्हनून म्हनतो मी," उत्तम चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी ताय म्हंजे मनाची..."

"उत्तम," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ती अशा आवाजात कधी बोलली नव्हती, म्हणून पुढची माणसं गप्प झाली आणि मग मागची.

"मना माग म्हन."

उत्तम गोंधळला. "माग की. माग, ताये."

"मी उद्या सही करनार नाय. खांडीवर माझं नाव हाय, ते ऱ्हाऊ दे. माझी वाटनी मना हवी."

कुणीतरी खाकरलं. मागून एक बाई म्हणाली, "शुभ टायमाला काय हे?" विठ्ठलनं मान खाली घातली. मालननं चौकटीला लावलेले हात आणखी घट्ट दाबले. पाठीवर हवा ढकलतच होती. ती हलली नाही.

नवरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि ती मालनकडे बघू लागली, नीट, पहिल्यांदाच.

उत्तमच्या तोंडावर आधी राग आला. तो त्यानं माणसांकडे बघून गिळला. मग त्यानं नयनबायकडे बघितलं. ती गाणं पुढे न्यायला तयार नव्हती. मग बहिणीकडे. तिच्या उभं राहण्यात त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याचा चेहरा हळूहळू बांधावरच्या त्या पोरासारखा झाला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझं नाव. शब्द दिला."

ते झाल्यावर तिनं हात काढायचे होते. पण तोच उंबऱ्याजवळ आला, अगदी मापापर्यंत, आणि हळू आवाजात, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारू लागला, "पन ताये, तवा का नाय बोललीस? मोठी शेतं गेली तवा? तू हसत हसत सही केलीस. आमी सगली समजलो का तुला नको हाय."

मालननं चौकटीवरचे हात खाली घेतले. वाट मोकळी झाली, तरी कुणी आत गेलं नाही.

"हवं होतं रं," ती म्हणाली. "तवाबी हवं होतं. तुमा सगल्यांपेक्षा मनाच जास्ती हवं होतं."